डबल बेलच्या आधी

माझ्या उजव्या पायाला मांडीपासून तळव्यापर्यंत कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, असतो. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी आहे. मी उभी राहिले की कड्या आपल्याच वजनाने खाली घसरतात आणि गुडघा ताठ बसतो. बसायचं असेल तेव्हा त्या हाताने वर ओढाव्या लागतात, मगच पाय वाकतो. घरात हे दोन सेकंदांचं काम. बसमध्ये आधी दांडा धरायचा, डावा चांगला पाय पायरीवर टाकायचा, हातांच्या जोरावर उजवा वर ओढून घ्यायचा, असं प्रत्येक पायरीला. मग खांद्यावरची पिशवी सांभाळत सीटपर्यंत जायचं, टेकायचं, एका हाताने समोरची कांब धरायची आणि दुसऱ्या हाताने आधी एक कडी, मग दुसरी. एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. दारात पहिला पाय टाकल्यापासून दुसरी कडी 'खट्' करून वर जाईपर्यंत 40 सेकंद लागतात. पावसाळ्यात, चपला आणि पायऱ्या ओल्या असताना, 50.

तेवढा वेळ बस उभी राहिली तर पुढच्या सगळ्या प्रवासात मी इतर कुणाहीसारखी असते. खिडकीतून बघते, डुलकी काढते, शेजारणीशी बोलते. बस आधीच सुटली तर पाय ताठच्या ताठ वाटेत आडवा राहतो, लोक त्याला अडखळतात, आणि ब्रेक लागला की मी कुठे जाईन ते माझ्या हातात राहत नाही.

माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एसटीच्या सवलतीचं कार्ड आहे, पुण्याच्या सिटीबसचा पास आहे, रेल्वेचं फोटो असलेलं कार्ड आहे आणि पिवळ्या पट्टीचं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे. गेली पस्तीसहून अधिक वर्षं मी कुठल्या ना कुठल्या पासावर प्रवास करते आहे. या पासांनी मला शाळा दिली, नोकरी दिली, माहेर टिकवून दिलं. त्यांचं मोल मी जाणते. पण ते 40 सेकंद यातल्या कुठल्याच कार्डावर छापलेले नाहीत. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

*

माझा जन्म 1976चा. दीड वर्षाची असताना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा उजवा पाय लुळा पडला होता. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. तेव्हा गावातून साताऱ्याला दिवसाला दोन गाड्या. सकाळची गाडी रात्री गावातच मुक्कामाला असायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे. त्या गाडीने आई मला कडेवर घेऊन मालिशवाल्याकडे, वैद्याकडे, मग मोठ्या डॉक्टरांकडे नेत असे. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट नसतं, पाच ते बाराला अर्धं. मी सात वर्षांची झाले तरी कडेवरच. कडेवरचं मूल बघून कंडक्टर न विचारताच पुढे सरकत, आणि आई त्यांना मागे बोलावून सांगे, "मास्तर, सात सरलीत हिला. अर्धं द्या." बापाने कधी फुकट नेलं नाही, मी का न्यावं, असं ती म्हणायची. मला त्या वेळी त्याची लाज वाटे. सगळ्या गाडीला माझं वय कळायचं, आणि ते कळल्यावर लोक माझ्या पायाकडे बघायचे.

आठवीत तालुक्याच्या शाळेत नाव घातलं आणि पहिला पास निघाला. पिवळट पुठ्ठा, त्यावर शिक्का, शिक्क्याच्या अर्ध्या भागाखाली माझा फोटो, आणि वर ठळक 'अपंग'. त्यानंतर शब्द बदलत गेले. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात ते 21 झाले. 2015च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द वापरावा असं सुचवलं आणि बघता बघता पास, पाट्या, डबे सगळ्यांवर तो आला. 2022मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला. आई मात्र आजही 'पायानं अधू' म्हणते आणि मला तोच शब्द सगळ्यांत जवळचा वाटतो. त्यात पाय तेवढा अधू असतो, बाकीची मी सुटी राहते.

शाळेच्या त्या वर्षांत आमच्या गाडीवर एक कंडक्टर होते. कपाळावर अबीर, खाकी सदऱ्याच्या खिशात तंबाखूची चंची. एसटीत बेलची भाषा साधी आहे. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे सोडा. छताखालून दारापासून ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत दोरी गेलेली असायची, आणि ती कंडक्टरच्या हातात. मी चढले की हे गृहस्थ दोरीला हात लावत, पण ओढत नसत. माझ्याकडे बघतही नसत, कारण बघितलं की मी घाई करते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. खिडकीबाहेर नजर लावून उभे राहत. कडीचा 'खट्' असा आवाज झाला की दोन टोले. तीन वर्षांत त्यांनी मला "बस लवकर" म्हटलं नाही आणि "सावकाश" असंही म्हटलं नाही. त्यांना हे कुणी शिकवलं होतं? नियमात तर नव्हतं. मी नोकरीला लागल्यावर पेढे घेऊन डेपोत गेले, तेव्हा ते निवृत्त होऊन वर्ष झालं होतं.

*

आता टक्क्यांचं सांगते, कारण पासाचा सगळा कारभार टक्क्यांवर चालतो.

40 टक्क्यांच्या आत अपंगत्व असेल तर यूडीआयडी कार्डाची पट्टी पांढरी, 40 ते 80च्या दरम्यान पिवळी, 80च्या वर निळी. माझं 60 टक्के. एसटीत मला तिकिटात 75 टक्के सवलत मिळते, म्हणजे मी पाव तिकिटात जाते. सोबत येणाऱ्या माणसालाही एसटी अर्धं तिकीट देते, पण त्यासाठी अपंगत्व 65 टक्के लागतं. माझे पाच कमी पडतात. त्यामुळे एसटीच्या हिशोबात मला सोबतीची गरज नाही.

रेल्वेचं उलटं आहे. तिथे हाडांच्या अपंगत्वाची सवलत 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही' अशा माणसासाठी आहे, आणि तसं सरकारी डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. ते मिळालं की मला आणि सोबत्याला, दोघांनाही स्लीपर किंवा सेकंड क्लासच्या तिकिटात 75 टक्के सूट. त्या प्रमाणपत्रावरून रेल्वे आता कार्ड देते, त्यावर घरबसल्या तिकीट काढता येतं. सोय चांगली आहे. पण प्रमाणपत्र घेताना डॉक्टरने कागदावरून मान वर करून विचारलं, "एकट्या जाऊ शकता का?" मी त्या दिवशी दोन बस बदलून एकटीच आले होते. चढायला-उतरायला हात लागतो, सामान असेल तर जमत नाही, फलाट आणि डबा यांच्यात अंतर असलं तर भीती वाटते, हे सगळं मी सांगू लागले. ते म्हणाले, "हो किंवा नाही सांगा." मी "नाही" म्हणाले. ते खोटं नव्हतं. तरी बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा घशाशी आल्यासारखं झालं. ज्यासाठी तीस वर्षं धडपडले होते तेच नाही म्हणून सांगून आले होते.

माणूस काय करू शकतो हे दर मिनिटाला बदलतं. सकाळी बळ असतं, संध्याकाळी नसतं. सपाट फलाटावर मी एकटी जाते, जिन्यावर मला कुणीतरी लागतं. हे कागदाच्या एका रकान्यात मावत नाही ते मी समजू शकते; कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण एकाच शरीराला एका गाडीने सोबत नाकारावी आणि दुसऱ्या गाडीने सोबतीशिवाय चालणार नाही असं माझ्याच तोंडून वदवून घ्यावं, याचा त्रास होतो. म्हणून मी रेल्वेने एकटी निघते तेव्हा पूर्ण तिकीट काढते. घरातले रागावतात. मला त्या दिवशी हलकं वाटतं.

*

17 मार्च 2023पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतरचा एक लहानसा प्रसंग.

कोरेगावहून गावी निघाले होते. गाडी भरलेली, कंडक्टर नवा मुलगा. मशीनवर बोटं चालवत, माना मोजत येत होता. आमच्या सीटवर तिघी. त्याने नुसतं बघितलं आणि तीन अर्धी तिकिटं फाडून दिली. माझा हात सवयीने पर्सच्या कप्प्याकडे गेला होता. पास दाखवला असता तर अजून पाच-सहा रुपये वाचले असते. मी हात मागे घेतला.

त्या तिकिटासाठी मला काही सिद्ध करावं लागलं नव्हतं. कार्ड नको, टक्के नकोत, "ओरिजिनल आहे का" नको, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून आधी कार्डाकडे आणि मग पायाकडे बघणं नको. मी बाई होते आणि त्या तिघींतली एक होते, एवढं पुरलं. ते तिकीट मी बरेच दिवस पर्समध्ये ठेवलं. मशीनच्या कागदावरची शाई उडते. आता त्यावर काही दिसत नाही.

त्यानंतर जवळच्या अंतराला मी पुष्कळदा पास काढत नाही. साताऱ्याहून पुण्याला यायचं असलं की काढते, तेवढ्या पैशांत आठवड्याची भाजी येते. पण दोन-तीन टप्प्यांसाठी ते पाच-सहा रुपये मला परवडतात आणि ते कशासाठी मोजते आहे हेही मला ठाऊक असतं.

*

बहीण डोंबिवलीला. तिच्याकडे जायचं म्हणजे पुण्याहून कल्याण, तिथून लोकल. पूर्वी हाजीअलीला, 1955 सालापासून चालू असलेल्या पुनर्वसनाच्या संस्थेत कॅलिपरसाठी जायचे, तेव्हाही मुक्काम तिच्याकडेच.

मुंबईची लोकल एका स्टेशनात साधारण वीस-तीस सेकंद थांबते. माझे लागतात 40. हे गणित सुटतं ते फक्त दिव्यांगांच्या डब्यामुळे. तो डबा फलाटावर नेमका कुठे येणार ते ठरलेलं असतं. अंध प्रवाशांना जागा कळावी म्हणून तिथे बारीक पीं-पीं वाजणारं यंत्र बसवलेलं असतं, मी त्याच्याखाली जाऊन उभी राहते. गाडी शिरली की दारातली माणसं आधी हात पुढे करतात. कुणाला एकच हात असतो, तो पुढे येतो. एक जण काठी आडवी धरतो. मी धरते, आणि ओढली जाते. बसायचं नंतर बघू, आधी आत. बाकी कुठल्याही वाहनात वेळ मिळाला तर चढता येतं. या डब्यात वेळ नसतानाही चढता येतं, कारण आत असलेल्या प्रत्येकाने तो वेळ कधी ना कधी शोधलेला असतो.

तिथे पाहिलेलं एक दृश्य मनातून जात नाही. ठाण्याला चार-पाच बहिरी मुलं उतरली, तिघे डब्यातच राहिले. गाडीत आवाजाचा कहर: पंखे, रूळ, फलाटावरची घोषणा. आम्ही ऐकणारी माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडत होतो. ती मुलं निवांत हातांनी बोलत होती. गाडी हलली तरी बोलणं चालू. फलाटावरची मुलं मागे पडत गेली, लहान होत गेली, आणि खिडकीतला मुलगा हसून उत्तर देत होता. आम्हाला निरोप घेऊन कितीतरी वेळ झाला असता, तेवढ्या अंतरावरही त्यांच्या गप्पा संपल्या नव्हत्या.

याच डब्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

त्या डब्यात धडधाकट माणसं घुसतात. रेल्वे कायद्याच्या कलम 155 प्रमाणे तो गुन्हा आहे, दंड होऊ शकतो, तरी घुसतात. त्यामुळे रोजच्या प्रवाशांची नजर तयार झालेली असते. डोंबिवलीहून दादरला निघाले होते. समोर विशीतली एक मुलगी येऊन बसली. नीटनेटका पंजाबी ड्रेस, पाठीला सॅक, चालणं सरळ. मी ताठ पाय सावरत उभी होते. शेजारची बाई मला म्हणाली, "बघा, कशा येऊन बसतात." मी त्या मुलीला विचारलं, "कार्ड आहे का तुझ्याकडे?" विचारलं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

तिने सॅक उघडली. यूडीआयडी काढलं, माझ्यापुढे धरलं. थॅलेसेमिया. मग उठून मला जागा दिली आणि म्हणाली, "बसा मावशी. आज रक्त चढवायला चाललेय, परवापासून जरा धाप लागतेय, नाहीतर मीच उभी राहिले असते."

मी बसले नाही. तीही बसली नाही. मधली सीट घाटकोपरपर्यंत रिकामी राहिली, मग एक आजोबा येऊन टेकले.

2016च्या कायद्याने ज्या 21 प्रकारांना जागा दिली त्यांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, पार्किन्सन आहे, मज्जातंतूंचे आजार आहेत, मनाचे आजार आहेत. यातलं पुष्कळसं बाहेरून दिसत नाही. माझं अपंगत्व लोखंडाचं आहे, ते दिसतं आणि त्याचा आवाजही होतो; त्यामुळे मला जितके प्रश्न आले त्याच्या दसपट तिला आले असतील हे मला सुचायला हवं होतं. चाळीस वर्षं ज्या नजरेने मला टोचलं तीच नजर माझ्या डोळ्यांत होती. त्यानंतर मी त्या डब्यात कुणालाही कार्ड विचारलेलं नाही. तपासनीस येतील, त्यांचं काम आहे. त्या मुलीला मी दादरला "चुकले मी" म्हणाले. तिने मान हलवली आणि गर्दीत गेली.

*

एका शहरातल्या बसमध्ये मी पडले होते. दुसरी कडी वर जायच्या आत गाडी सुटली आणि वळणावर मी सीटवरून घसरून वाटेत आले. हाताचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. कंडक्टर घाबरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण मी पास बघितला होता ना, ताई." त्याच्या बाजूने तो खरं बोलत होता. पास बघणं एवढंच काम त्याला सांगितलेलं होतं.

त्या सहा आठवड्यांत मी बसच्या उंचीबद्दल बरंच वाचलं. शहरी बसच्या जमिनीच्या उंचीचे आपल्याकडे तीन प्रकार मानले आहेत: 900 मिलिमीटर, 650 आणि 400. शेवटची ती 'लो फ्लोअर'. नऊशेला पायऱ्या येतातच. चारशेत एकच पाऊल. त्यातल्या काही बसगाड्या थांब्यावर दाराच्या बाजूने खाली झुकतात, उंट बसतो तशा, आणि दारातली घडीची फळी उघडली की चाकाची खुर्ची थेट आत जाते. पुण्यात 2019पासून विजेच्या बस धावू लागल्या तेव्हा मी पहिल्यांदा अशा बसमध्ये पाय टाकला. पायऱ्या नाहीत! आत जाऊन बसले आणि घड्याळ पाहिलं. 18 सेकंद. त्याच शरीराचे, त्याच कॅलिपरचे 22 सेकंद एकापाठोपाठच्या पायऱ्यांनी खाल्ले होते इतकी वर्षं. महापालिकेकडून मिळालेला सिटीबसचा पास मोफत आहे. पण त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर या दारासाठी मी आनंदाने पूर्ण तिकीट मोजलं असतं.

2016च्या कायद्याचं 41वं कलम वाहतुकीवरच आहे. बसथांबे, रेल्वे स्टेशनं, विमानतळ, तिकीट खिडक्या, स्वच्छतागृहं आणि वाहनं, सगळं त्यात आहे. जुन्या वाहनांत बदल करण्याचंही आहे, 'तांत्रिकदृष्ट्या शक्य' असेल तिथे. या दोन शब्दांच्या आडोशाला बरंच काही राहतं. डोळ्यांनी अधू असलेल्या राजीव रतुरी यांनी 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यात 8 नोव्हेंबर 2024ला न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे असून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. 2005 ते 2024. मी त्या निकालाची बातमी दोनदा वाचली.

मेट्रोबद्दल थोडक्यात. ती मला आवडते. 29 सप्टेंबर 2024ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग सुरू झाला आणि माझी रोजची एक बस वाचली. जिल्हा न्यायालयाचं स्टेशन जमिनीखाली जवळजवळ 33 मीटर आहे. तिथवर मी एकही पायरी न उतरता जाते. लिफ्टच्या बटणांवर ब्रेल आहे. फलाट आणि डबा एका पातळीत. जमिनीवर पिवळ्या उठावाच्या फरशा आहेत. या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965मध्ये बनवल्या, आणि 1967च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या गेल्या. मुलं त्यांच्यावरून उड्या मारत जातात, मला कॅलिपरच्या बुटाने त्या चुकवाव्या लागतात, पण काठी टेकत त्यांच्यावरून सरळ चालत जाणारं माणूस पाहिलं की मी बाजूला होऊन रस्ता देते. स्टेशनच्या बाहेर पडलं की फुटपाथ उखडलेला असतो, त्यावर दुचाक्या असतात, आणि 33 मीटर वर आलेली मी सहा इंचांच्या कठड्याशी थांबते.

*

आई एसटीच्याच वर्षाची. 1 जून 1948ला पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटली, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आईचा जन्म. 2023मध्ये तिला 75 पूर्ण झाली आणि ती 'अमृत ज्येष्ठ नागरिक' झाली. म्हणजे एसटीत तिला तिकीटच नाही. शून्य रुपयांचं तिकीट मशीनमधून निघतं ते ती नीट घडी घालून बटव्यात ठेवते. "मास्तर, अर्धं द्या" म्हणणारी बाई ही. पहिल्यांदा शून्य बघून तिने कंडक्टरला विचारलं, "आणि तुमच्या हिशोबात कमी नाही ना पडणार?"

रेल्वेत ज्येष्ठांची सवलत 2020च्या मार्चमध्ये थांबली, माझ्यासारख्यांची चालू राहिली. त्यामुळे बहिणीकडे जाताना आई माझी 'सोबती' म्हणून पाव तिकिटात येते. तपासनीसाने यादीवर बोट ठेवून विचारलं, "सोबती कोण?" तेव्हा आईने हात वर केला. तो हात मी धरून ठेवलेला होता, कारण तिला आता चालत्या गाडीत तोल सावरत नाही.

माझ्यासारखा पाय असलेली माणसं आता फारशी येणार नाहीत. 1995ला पल्स पोलिओ सुरू झालं, 13 जानेवारी 2011ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला, 27 मार्च 2014ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपल्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्त म्हटलं. हे वाचलं तेव्हा मी रडले होते. कॅलिपर दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चालले आहेत, माझा मागच्या वेळी ज्यांनी दुरुस्त केला त्यांनी कडीसाठी लोखंड घासत घासत विचारलं, "अजून किती जण आहात तुम्ही?"

गेल्या दिवाळीत आईला घेऊन गावाहून निघाले. फाट्यावर लालपरी आली. कंडक्टर बाई होती, तिशीची असेल, केसांत अबोलीचा गजरा. आई आधी चढली. दोन्ही हातांनी दांडा धरून एक पाय ठेवला, थांबली, दुसरा ठेवला, थांबली. मी खाली उभी राहून तिच्या पाठीला हात लावला होता, आणि मला माझं शाळेचं वय आठवलं. तेव्हा तिचा हात असाच माझ्या पाठीला असे. मग मी चढले. पुढच्या दोन सीटवर बसलेल्या मुलांना त्या बाईने नुसत्या नजरेने उठवलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, सोडा की गाडी!" ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

तिने दोरीवर हात ठेवला होता. ओढली नव्हती.

आईला खिडकीशी बसवलं. मी टेकले. कांब धरली. पहिली कडी वर गेली. दुसरी अडकली, थंडीत अडकते कधी कधी. अंगठ्याने दाबून पुन्हा ओढली. ती बाई दाराबाहेरच्या ज्वारीकडे बघत होती.

खट्.

टिंग-टिंग.